बारा दरवाजे, सात फेऱ्या, एक पौर्णिमा

उजाडायच्या आत निघा, नाहीतर बसायला जागा मिळायची नाही. साल इसवी सन 140च्या आगेमागे, शहर रोम. गल्ल्यागल्ल्यांतून माणसांचा लोंढा एकाच दिशेने चालला आहे. पॅलाटाइन आणि ॲव्हेंटाइन या दोन टेकड्यांच्या मधल्या सखल पट्ट्यात सर्कस मॅक्सिमस पसरलं आहे. सर्कस म्हटल्यावर तंबू, विदूषक आणि हत्ती डोळ्यांपुढे आले असतील तर ते आधी पुसून टाका. हे रथशर्यतीचं मैदान आहे. लांबी 600 मीटरहून जास्त, कडेने वर चढत गेलेले बाक आणि त्यांवर दीडएक लाख माणसं. रोमन लेखक थोरला प्लिनी तर अडीच लाख म्हणतो.

तुम्ही कुठेतरी वाचलं आहे की हे मैदान म्हणजे विश्वाचा नकाशा आहे. बारा दरवाजे म्हणजे बारा राशी, सात फेऱ्या म्हणजे सात ग्रह, रथांच्या चार संघांचे चार रंग म्हणजे चार ऋतू. ते खरं की काय हे डोळ्यांनी पाहायला आला आहात. मग आत शिरण्याआधी बाहेरच्या कमानींखाली जरा थांबा. दुकानं, खाणावळी, गिऱ्हाईक शोधणाऱ्या बायका, आणि त्यांच्याच रांगेत ज्योतिषी. सर्कसपाशी बसणारे हे ज्योतिषी जुनेच. जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीच्या सिसेरोच्या ग्रंथात त्यांची गणना भोंदूंमध्ये झाली आहे. आकाश इथे विकायला आहे हे नक्की. पण लग्न कधी जमेल आणि गलबत सुखरूप येईल का, एवढंच ते सांगतात. मैदानाच्या दरवाज्यांचा आणि राशींचा संबंध त्यांना विचारलात तर ते आधी दक्षिणा मागतील.

आत आलात. बाई असाल तरी काळजी नको. इथे बायका-पुरुष शेजारी शेजारी बसतात, कवी ओव्हिडने याच गोष्टीचा पुरेपूर फायदा घेतल्याचं लिहून ठेवलं आहे. आता मिरवणूक येते. कॅपिटोल टेकडीवरून फोरममार्गे देवांच्या मूर्ती खांद्यांवरून आणि त्यांची चिन्हं खास रथांतून मैदानात आणली जातात. लोक उभे राहून आपापल्या देवासाठी टाळ्या वाजवतात: शिपाई मार्ससाठी, दर्यावर्दी नेपच्यूनसाठी. पुराणकथा शोधायची तर दुर्बीण लागत नाही. ती समोरून चालत येते आहे आणि खेळांच्या अध्यक्षांच्या सज्जापुढून पुढे सरकते आहे.

मैदानाच्या मधोमध एक लांबलचक कठडा आहे, त्यात पाण्याचे हौद, पुतळे, छोटी देवळं. दोन्ही टोकांना तीन-तीन सोनेरी शंकू, तिथे रथ वळतात. कठड्यावर उंचावर सात अंडी ठेवली आहेत आणि दुसऱ्या चौकटीवर सात डॉल्फिन. एक फेरी झाली की एक अंडं खाली येतं. लाखभर माणसांनी मोजणीवरून भांडू नये म्हणून केलेली ही सोय. पण अंडं हे कॅस्टर आणि पोलक्स या जुळ्या देवांचं, घोडेस्वारांच्या कैवाऱ्यांचं चिन्ह. हे दोघे हंसाच्या अंड्यातून जन्मले आणि आज मिथुन राशीत तारे होऊन बसले आहेत. डॉल्फिन नेपच्यूनचे, आणि नेपच्यून घोड्यांचाही देव. पहिल्या वळणाजवळ जमिनीखाली कोन्सस नावाच्या धान्यदेवाची वेदी पुरलेली आहे. ती फक्त सणाच्या दिवशी उघडतात.

आणि मधोमध उभा आहे तो ओबेलिस्क. लाल ग्रॅनाइटचा एकच दगड, उंची सुमारे 24 मीटर. इजिप्तच्या हेलिओपोलिसमध्ये, म्हणजे सूर्याच्या नगरीत, सेती पहिला आणि रामसेस दुसरा या फॅरोंच्या काळात तो कोरला गेला. इ.स.पू. 10 मध्ये ऑगस्टसने तो समुद्रावरून इथे आणला. खालच्या चौथऱ्यावर लॅटिनमध्ये स्पष्ट लिहिलं आहे की इजिप्त रोमच्या ताब्यात आल्यावर ही भेट सूर्याला दिली. मैदानाला लागूनच सूर्याचं देऊळही आहे, तेही फार जुनं. हे दोन पुरावे नीट लक्षात ठेवा. पुढे लागतील.

शिंग वाजतं. अध्यक्ष पांढरा रुमाल उंच धरतात. बारा दरवाज्यांमागे बारा रथ, प्रत्येकाला चार घोडे. रुमाल पडतो आणि दरवाजे एकदम उघडतात.

पुढची आठ-नऊ मिनिटं तुम्ही कुठल्याही राशीचा विचार करणार नाही, हे मी पैजेवर सांगतो. सारथ्यांनी लगाम कमरेला गुंडाळले आहेत. रथ उलटला तर ते कापायला पट्ट्यात सुरी आहे, आणि ती वेळेवर हाताला लागली नाही तर माणूस घोड्यांमागे फरफटत जातो. तिसऱ्या फेरीत अगदी तेच होतं. निळा रथ शंकूला आतून घासायला जातो, चाक निखळतं, लाकडाच्या चिरफळ्या उडतात. अशा मोडतोडीला इथले लोक जहाज फुटलं म्हणतात. मैदानावरची पोरं धावत येऊन मोडका रथ बाजूला ओढतात. तोवर उरलेले पुन्हा वळणावर आलेले असतात. धूळ दातांत कचकचते. लाल रथाने बाहेरून शेवटच्या सरळ पट्ट्यात सगळ्यांना मागे टाकलं. तो डायोक्लीस असेल तर नवल नाही. लुसिटानियाहून, म्हणजे आजच्या पोर्तुगालच्या भागातून आलेला हा सारथी 42व्या वर्षी निवृत्त होईल, तेव्हा त्याच्या नावावर 1462 विजय असतील. ते आकडे त्याच्या चाहत्यांनी दगडावर कोरून ठेवले.

शेजारचा म्हातारा हिरव्या संघाचा आहे. त्याला तुम्ही विचारता, हिरवा म्हणजे वसंत ऋतू ना? तो तुमच्याकडे असा बघतो की जणू तुम्ही निळ्यांकडून पाठवलेले हेर आहात. "हिरवा म्हणजे हिरवा," तो म्हणतो. "माझा बाप हिरव्यांचा होता." बस. त्याच्या मुलाला कदाचित हेही ठाऊक असेल की शिशाच्या पत्र्यावर विरोधी घोड्यांची नावं लिहून, त्यांचे पाय बांधून टाक अशी भुताखेतांना विनवणी करून, तो पत्रा कुणाच्या तरी थडग्यात सरकवायचा असतो. असे कितीतरी पत्रे पुढे उत्खननात सापडले. प्लिनीने आणखी एक गोष्ट नोंदवली आहे. लाल संघाचा फेलिक्स नावाचा सारथी मेला, तेव्हा त्याच्या एका चाहत्याने चितेत उडी घेतली. विरोधी संघवाल्यांनी लगेच आवई उठवली की सुगंधी धुराने भोवळ येऊन तो पडला. सारथ्याची शान तेवढीच कमी.

आता तुमच्या मनात एक शंका यायला हवी, मराठी माणूस म्हणून तर नक्कीच. रथ कुठल्या बाजूने फिरतात ते पाहिलंत? कठडा सतत डाव्या हाताला. आपण देवाला उजव्या हाताला ठेवून प्रदक्षिणा घालतो, आणि सूर्यही रोज पूर्वेकडून दक्षिणेवरून पश्चिमेला तसाच जातो. हे रथ सूर्याचे असतील तर ते उलटे धावत आहेत! प्रतीकं शोधणारा हुशार माणूस यावर लगेच म्हणेल, रोजचा सूर्य नव्हे हो, वर्षाचा. राशीचक्रातून सूर्याची वार्षिक वाटचाल रोजच्या फेरीच्या उलट दिशेने होते, ती ही. खगोलशास्त्राच्या दृष्टीने उत्तर बिनचूक आहे. माझा आक्षेप एवढाच की रथ दुसऱ्या बाजूने धावले असते तरी त्याच्याकडे उत्तर तयार होतं.

साठ वर्षं पुढे चला, समुद्र ओलांडून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, कार्थेजला. साधारण इसवी सन 200. टर्टुलियन नावाचा एक तिखट ख्रिस्ती लेखक तमाशांविरुद्ध पुस्तक लिहितो आहे. त्याच्या खांद्यावरून डोकावा. चार घोड्यांचा रथ सूर्याचा, दोन घोड्यांचा चंद्राचा. अंडी जुळ्या देवांची, डॉल्फिन नेपच्यूनचे, ओबेलिस्क सूर्याचा. आधी दोनच रंग होते: पांढरा हिमाचा म्हणून हिवाळ्याचा, लाल उन्हाळ्याचा. मग हिरवा धरणीमातेचा किंवा वसंताचा आणि निळा आकाश-समुद्राचा किंवा शरदाचा. यादी पाठ केल्यासारखी तयार आहे. पण ती कशासाठी, हे विसरू नका. ख्रिस्ती माणसाने सर्कसमध्ये पाऊल टाकू नये हे त्याला सिद्ध करायचं आहे. मैदानातला खिळान् खिळा कुठल्या ना कुठल्या देवाचा निघाला की त्याचा मुद्दा आपोआप सिद्ध होतो. त्याला प्रतीकं सापडावीत अशी गरज होती, आणि ती सापडली.

आणखी तीन शतकं पुढे इटलीतल्या राव्हेनाला या. इसवी सन 510च्या सुमारास ऑस्ट्रोगॉथ राजा थिओडोरिकच्या दरबारात कॅसिओडोरस पत्र लिहितो आहे. विषय फुटकळ आहे: थॉमस नावाच्या सारथ्याला महिन्याचं मानधन मंजूर करायचं. दोन ओळींत भागलं असतं. पण कॅसिओडोरस विद्वान आहे, आणि राजाच्या नावाने लिहितो आहे म्हटल्यावर विद्वत्ता दाखवायची संधी तो कशाला सोडेल? पगाराचं पत्र ब्रह्मांडाची गोष्ट होऊन बसतं. बारा दरवाजे म्हणजे राशी, सात फेऱ्या म्हणजे आठवड्याचे वार, दिवसाच्या चोवीस शर्यती म्हणजे चोवीस तास. वळणावरचे तीन-तीन शंकू म्हणजे राशीचे तीन द्रेष्काण. पत्रिका पाहणाऱ्या वाचकाने इथे मान डोलावली असेल. मधले हौद म्हणजे समुद्र. मैदानात तोवर दोन ओबेलिस्क झालेले, त्यांपैकी मोठा सूर्याचा, लहान चंद्राचा. तुम्ही जे वाचून आला होतात, ते बहुतेक या पत्रातूनच झिरपत तुमच्यापर्यंत आलं.

फक्त रंग पाहा. टर्टुलियनकडे पांढरा हिवाळ्याचा आणि निळा शरदाचा. कॅसिओडोरसकडे निळा हिवाळ्याचा आणि पांढरा शरदाचा. दोघेही ठामपणे सांगतात. रंगांत खरोखर ऋतू विणलेले असते तर तीनशे वर्षांत हिवाळा असा हातोहात बदलला नसता.

मग तपासायलाच जाऊ. मोठी उडी मारायची आहे, घट्ट धरा. इ.स.पू. 174. सर्कस अजून बहुतांश लाकडी. अधिकाऱ्यांनी दुरुस्तीची कामं काढली आहेत आणि त्यातच फेऱ्या मोजायची अंडी बसवली जात आहेत; इतिहासकार लिव्ही याची नोंद देतो. आता कुणालाही थांबवून विचारा, आज कुठल्या ग्रहाचा वार? काही उमगणार नाही. रविवार ते शनिवार हे ग्रहांच्या नावांचं चक्र इथे अजून पोचलेलंच नाही. रोमन माणूस बाजाराचे आठ-आठ दिवस मोजतो. सात फेऱ्या आधीच ठरलेल्या आहेत, सात वार पुढे कधीतरी येणार आहेत. आणि बारा दरवाजे? चार संघ, प्रत्येकाचे जास्तीत जास्त तीन रथ. गुणाकार करा.

येताना वाटेत डोमिशियनपाशी क्षणभर थांबा. इसवी सन 88. शतकमहोत्सवाचे खेळ चालू आहेत. एका दिवसात शंभर शर्यती उरकायच्या म्हणून सम्राटाने सात फेऱ्यांच्या पाच केल्या. दोन ग्रहांना सुट्टी देताना कुणी हरकत घेतल्याची नोंद नाही. याच माणसाने सोनेरी आणि जांभळा असे दोन नवे संघही काढले, म्हणजे रंग झाले सहा. भारतीय माणसाला तर हे वाचून हर्षच व्हायला हवा: वसंत, ग्रीष्म, वर्षा, शरद, हेमंत, शिशिर, अगदी बरोबर! पण डोमिशियन गेल्यावर ते दोन संघही गेले आणि आपले हेमंत-शिशिर राहून गेले.

रंग हे माणसांचे होते, ऋतूंचे नव्हते, याचा पुरावा हवा असेल तर 532 साली कॉन्स्टँटिनोपलच्या हिप्पोड्रोमवर, म्हणजे तिथल्या रथमैदानावर जा. पण फार पुढे बसू नका. निळे आणि हिरवे एरवी एकमेकांचे वैरी, पण सम्राट जस्टिनियनविरुद्ध ते एक झाले. दंगल आठवडाभर चालली, शहराचा मोठा भाग जळाला, आणि शेवटी सैन्याने मैदानातच कत्तल केली. समकालीन इतिहासकार प्रोकोपियस 30,000 मेले म्हणतो.

एवढं वाचून तुम्ही म्हणाल, म्हणजे सगळं मागाहून चिकटवलेलं. तसंही नाही. तो ओबेलिस्क आठवा. सूर्य तिथे दगडावर अक्षरांनी कोरलेला आहे, कुणी ओढूनताणून काढलेला नाही. आणि 354 साली रोममध्ये तयार झालेली एक देखणी दिनदर्शिका उघडा. कुठल्या दिवशी किती शर्यती, हे त्यात सणवार नोंदवून दिलं आहे. एरवीच्या शर्यतीच्या दिवशी 24. पण 25 डिसेंबरला अजिंक्य सूर्याचा जन्मदिवस, त्या दिवशी 30. ऑक्टोबरच्या 22 तारखेला सूर्याचेच खेळ, शर्यती 36. चोवीस तासांचा हिशेब इथेच कोलमडतो, पण सूर्य मात्र पक्का उभा राहतो. (36 म्हणजे बारा राशींचे तीन-तीन द्रेष्काण, असं तुमच्या मनात आलंच असेल. माझ्याही आलं. हा रोग असा लागतो.)

त्या 25 डिसेंबरच्या थंडीत बाकावर बसून एक गंमत पाहा. रोमन पंचांगाने ही तारीख कधीकाळी उत्तरायणाचा दिवस म्हणून धरली होती. तोवर पंचांग सरकलं आहे, खरा सूर्य तीन-चार दिवस आधीच उत्तरेकडे वळला आहे. आकाश पुढे गेलं, उत्सव तारखेला चिकटून राहिला. आपल्या मकरसंक्रांतीची गत फार वेगळी नाही. आणि त्याच दिनदर्शिकेच्या पोथीत, याच तारखेला, ख्रिस्ताच्या जन्माचीही नोंद आहे.

जाता जाता 20 जुलै 1936 ची दुपार पाहून घ्या, कारण आपल्या काळातली प्रतीकं बहुतेक तिथून येतात. ग्रीसमधलं ऑलिंपिया. भग्नावशेषांत प्राचीन वेशातल्या मुली उभ्या आहेत, अंतर्गोल आरशाने सूर्याचे किरण एकवटून मशाल पेटवली जाते आणि तीन हजारांहून जास्त धावपटू ती बर्लिनला नेतात. किती पुरातन, असं वाटतं ना? प्राचीन ऑलिंपिकमध्ये अशी मशालदौड नव्हती. ही कल्पना बर्लिन स्पर्धेचे संयोजक कार्ल डीम यांनी राबवली. आरसा झाइस कंपनीचा, मशाली क्रुप कारखान्याच्या, आणि राजवट हिटलरची. त्याच वर्षी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पठ्ठे बर्लिनला जाऊन देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आले. आता जुळवा: सूर्यापासून आणलेला अग्नी एकीकडून, आणि सूर्याला फळ समजून झेप घेणाऱ्या हनुमंताच्या नावाचे मल्ल दुसरीकडून, दोन्ही एकाच शहरात! पाच मिनिटांत लेख तयार होतो. आखाड्यात मारुती असतोच, एवढी साधी गोष्ट त्यात तेवढी गाळावी लागते.

आता पुन्हा ऑलिंपियाला, पण 2351 वर्षं मागे. इ.स.पू. 416 चा उन्हाळा. चालत या, कारण सगळेच चालत किंवा गाढवावरून आले आहेत. ऊन असह्य, पाणी अपुरं, माश्यांचे थवे. माश्या पिटाळणाऱ्या झ्यूसला इथे वेगळा बळी देतात, यावरून ओळखा. इथे मात्र बाई असाल आणि लग्न झालेलं असेल तर आत येता येणार नाही. डिमीटर देवतेच्या पुजारणीला तेवढी मुभा आहे. झ्यूसच्या देवळात फिडियसने घडवलेली सोन्याची आणि हस्तिदंताची मूर्ती बसली आहे. मान वर करून चेहरा पाहून झाला की खाली बैठकीकडे पाहा. नक्षीच्या एका टोकाला रथावर चढणारा सूर्य, दुसऱ्या टोकाला घोड्यावर बसलेली चंद्रदेवी. मधे सगळे देव. दिवस आणि रात्र यांच्या मधोमध ही स्पर्धा बसवली आहे, असं म्हणायला इथे जागा आहे. शिल्पकाराने स्वतःच ती ठेवली आहे.

रथशर्यतीत ॲल्सिबायडीस हा अथेन्सचा उमदा आणि उधळ्या पुढारी एकट्याचे सात रथ उतरवतो, आणि पहिला, दुसरा, चौथा क्रमांक घेऊन जातो. इथल्या सुरुवातीच्या यंत्रात काशाचा गरुड वर उडायचा आणि डॉल्फिन खाली पडायचा, असं वर्णन पुढे प्रवासी लेखक पॉसेनियस करणार आहे. फेऱ्या बारा. नका, नका, बोटांवर राशी मोजू नका! चार घोड्यांची शर्यत इथे इ.स.पू. 680 पासून चालू आहे, आणि बारा समान राशींचं चक्र बॅबिलोनमध्ये आत्ता कुठे याच शतकात आकाराला येतं आहे.

रात्र होऊ द्या. मग समजेल की आकाश इथे कुठे आहे. पूर्ण चंद्र वर येतो आणि खोरं उजळून निघतं. उद्या सकाळी राखेच्या प्रचंड वेदीवर शंभर बैलांचा बळी झ्यूसला द्यायचा आहे, आणि तो पौर्णिमेला जोडूनच. हे प्रतीक आहे का? आधी सोयीचा विचार करा. ग्रीकांच्या प्रत्येक शहराचं पंचांग वेगळं, महिन्यांची नावं वेगळी, वर्षाची सुरुवात वेगळी. सिसिलीच्या माणसाने आणि आशियाच्या किनाऱ्यावरच्या माणसाने एकाच दिवशी इथे पोचायचं तर दोघांना दिसेल अशी एकच तारीख उरते. ती चंद्राने आकाशात लिहिलेली. शिवाय रात्री चालायला उजेड, जेवणावळींना उजेड.

पण चंद्राची बारा महिन्यांची वर्षं सूर्याच्या वर्षाला पुरत नाहीत, हे अधिक मास पाळणाऱ्यांना समजावून सांगायला नको. आठ सौर वर्षांत बाराने गुणून 96 चांद्र महिने होतात, आणि वर तीन जास्तीचे घालावे लागतात. एकूण 99. चार-चार वर्षांचे दोन भाग करायचे तर 99 चे समान तुकडे पडत नाहीत. म्हणून एका ऑलिंपिकपासून दुसरं कधी 49 महिन्यांनी, कधी 50 महिन्यांनी. हा ताळमेळ कुणा विद्वानाने नंतर शोधून काढलेला अर्थ नाही. तो चुकला तर खेळाडू भलत्याच महिन्यात मोकळ्या मैदानावर उभे राहतील. सर्कसच्या बारा दरवाज्यांचं तसं नव्हतं. राशी काढून घेतल्या असत्या तरी रथ तितकेच वेगाने धावले असते.

म्हणून माझं मत विचाराल तर, उद्घाटन सोहळ्यातल्या ज्वाळा आणि वर्तुळांत गूढ खुणा शोधण्यापेक्षा स्पर्धेची तारीख कशावरून ठरली ते आधी विचारावं. आकाश तिथे सापडण्याची शक्यता कितीतरी जास्त. ग्रीकांनी तर ते यंत्रातही बसवलं होतं. 1901 मध्ये अँटिकिथेरा बेटाजवळच्या बुडालेल्या जहाजातून काशाच्या दातेरी चाकांचा एक गंजलेला गोळा वर आला. दोन हजार वर्षांपूर्वीचं ते गणकयंत्र ग्रहणं वर्तवायचं, चंद्राची गती दाखवायचं, आणि त्याच्या मागच्या बाजूला चार भागांची एक छोटी तबकडी होती. तिच्यावर कुठल्या वर्षी कुठले खेळ, हे कोरलेलं आहे: ऑलिंपिया, नेमिया, इस्थमिया, पिथिया. ते शब्द नुसत्या डोळ्यांना दिसत नव्हते. क्ष-किरणांच्या साह्याने ते वाचले गेले आणि 2008 मध्ये प्रसिद्ध झाले. यंत्राचे मोठे तुकडे अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात काचेमागे मांडलेले आहेत. गेलात तर त्या दालनाला चांगला तासभर द्या.